तालीम, आखाडा आणि खेळ : युद्धकलांच्या उगमचर्चेची शब्दांच्या अंगाने परीक्षा

सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी असलेल्या वैभववाडीहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट गगनबावड्याकडे चढतात. घाट चढून कोल्हापूरच्या बाजूस गेले म्हणजे ‘तालीम’ हा शब्द कानी पडताच ऐकणाऱ्याच्या मनासमोर एक वास्तू उभी राहते : लाल मातीचा हौदा, मारुतीची मूर्ती, कोपऱ्यात ठेवलेल्या जोड्या आणि त्या पेठेतील तरुणांची ऊठबस. घाट उतरून तळकोकणात आले म्हणजे हाच शब्द मुख्यतः नाटकाच्या सरावासाठी वापरलेला आढळतो. आणि गावाने एकत्र येऊन पाहावयाचा नाच, सोंग, लुटुपुटीची झुंज ह्या साऱ्यांना ‘खेळ’ ही एकच संज्ञा पुरते. शिमग्यात घरोघर जाणारे ते ‘खेळे’. एका घाटाच्या अंतरावर शब्दांच्या अर्थात जो हा पालट होतो, तो केवळ बोलीभेदाचा मासला म्हणून सोडून देण्याजोगा नाही. युद्धकलांच्या उगमाविषयी व विकासाविषयी मराठीत जी मते वारंवार मांडली जातात, त्यांची परीक्षा करावयाची तर ह्या दोन शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

‘उगम’ हा शब्दच मुळात नदीवरून घेतलेला आहे, आणि त्याच्याबरोबर नदीविषयीची एक भाबडी समजूतही येते : प्रवाह आहे म्हणजे त्याचा झरा कोठेतरी एकच असला पाहिजे. कोल्हापूरची पंचगंगा ह्या समजुतीला चांगले उत्तर देते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांनी ती सिद्ध होते. त्यांपैकी कुंभी तर गगनबावड्याच्याच डोंगरातून येते. पंचगंगेचा उगम कोणता, ह्या प्रश्नाला एका गावाचे नाव सांगून उत्तर देता येत नाही. युद्धकलांच्या बाबतीत मात्र असे एक नाव सांगण्याचा मोह अभ्यासकांनाही आवरत नाही.

ह्या मोहाचे पहिले रूप शास्त्रग्रंथांच्या आधाराने प्रकट होते. धनुर्वेद हा यजुर्वेदाचा उपवेद. त्यात सर्व शस्त्रांचे वर्गीकरण आहे. सबब सर्व युद्धकला तेथून निघाल्या, असा हा युक्तिवाद असतो. धनुर्वेदाचे जे विवेचन अग्निपुराणात आले आहे ते वाचले असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. तेथे धनुष्याने केलेले युद्ध श्रेष्ठ, भाल्याचे मध्यम, खड्गाचे त्याहून खालचे आणि बाहुयुद्ध सर्वांत कनिष्ठ असा क्रम लावलेला आहे. म्हणजे ज्या ग्रंथपरंपरेला आज निःशस्त्र कलांची जननी ठरविले जाते, त्या परंपरेने निःशस्त्र लढतीला अखेरच्या पायरीवर बसविले होते. ग्रंथकाराची दृष्टी राजाच्या सैन्याकडे होती, आखाड्याकडे नव्हती. ह्या भेदाकडे दुर्लक्ष करून ग्रंथातील वर्गीकरणाला कलेचा जन्मदाखला समजणे ही पद्धतीची चूक आहे.

ह्याच मोहाची दुसरी, अधिक लोकप्रिय शाखा बोधिधर्माच्या कथेवर उभी आहे. दक्षिण भारतातून चीनला गेलेल्या ह्या बौद्ध आचार्याने शाओलिन विहारातील भिक्षूंना लढण्याची विद्या दिली, अशी ती कथा. तिच्यामुळे भारतीय वाचकाला साहजिक अभिमान वाटतो. परंतु चिनी अभ्यासक तांग हाव ह्यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातच तिचा पाया काढून घेतला होता. शाओलिनच्या भिक्षूंनी इ. स. ६२१ मध्ये तांग राजपुत्राच्या बाजूने लढाईत भाग घेतला, ह्याला ७२८ च्या शिलालेखाचा आधार आहे. पण त्या विद्येशी बोधिधर्माचे नाव जोडणारा ‘यी-चिन चिंग’ हा व्यायामग्रंथ १६२४ च्या सुमाराचा, आणि कथेचा खरा प्रसार विसाव्या शतकाच्या आरंभीच्या छापील वाङ्मयातून झालेला. दोहोंमध्ये हजार वर्षांचे अंतर आहे. मायर शाहार ह्यांच्या २००८ मधील शाओलिनविषयक ग्रंथानेही हेच चित्र अधिक तपशिलाने रेखाटले आहे. तरीही मराठी लेखनात ही कथा वस्तुस्थिती म्हणून येत राहते, कारण ती ‘आमच्याकडून तिकडे गेले’ अशा दिशेने वाहते. उलट दिशेने वाहणारी कथा असती, तर तिच्याकडे इतका पुरावा मागितला गेला असता की ती टिकली नसती.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर दुसरे एक मत अधिक रूढ आहे : दांडपट्टा, बोथाटी, विटा, फरी-गदगा, लाठी ह्यांचा जो समूह आज ‘मर्दानी खेळ’ म्हणून ओळखला जातो, तो शिवकालात घडविला गेला. शिवकालीन लष्करात ही शस्त्रे होती, आणि मावळी प्रदेशातील आखूड मैदानांच्या लढाईला पट्ट्यासारखे शस्त्र उपयुक्त होते, एवढे निर्विवाद आहे. परंतु शस्त्र वापरात असणे आणि त्याच्या शिक्षणाची सुसंघटित पद्धती त्याच काळात जन्मास येणे, ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पट्ट्याचेच उदाहरण घ्यावे. त्या शब्दाचा संबंध कोणी संस्कृत ‘पट्टिश’ ह्या शस्त्रनामाशी लावतात, तर कोणी पोलादी पट्टीचा अर्थ असलेल्या ‘पट्टा’ ह्या सामान्य शब्दाशी. पहिली व्युत्पत्ती मान्य केली तर शस्त्राचे नाव शिवकालाहून कित्येक शतके जुने ठरते. दुसरी मान्य केली तर ते कोणत्याही काळी पडू शकले असते. दोहोंपैकी एकीनेही शिवकालीन उगम सिद्ध होत नाही.

तिसरे मत प्रसिद्धपणे मांडले जात नाही, पण भाषेच्या अभ्यासकाला त्याचे आकर्षण अधिक असते, म्हणून त्याची चिकित्सा विस्ताराने करणे अवश्य आहे. कुस्ती, पहिलवान, वस्ताद, तालीम, कसरत, जोर, पेच, लेझीम, मर्दानी : हे सर्व शब्द फारसीतून, किंवा फारसीच्या द्वारे अरबीतून, मराठीत आलेले. ही यादी पाहून विद्याही त्याच वाटेने आली असावी असे अनुमान करण्याचा मोह होतो. तोही टाळला पाहिजे, आणि तो का टाळला पाहिजे हे एका साध्या उदाहरणाने दाखविता येते. हात टेकून अंग खालीवर करण्याचा जो व्यायाम, त्याला हिंदी भाषिक ‘डंड’ म्हणतात. हा संस्कृत ‘दंड’ शब्दाचा वंशज. मराठीत त्याच व्यायामाला ‘जोर’ म्हणतात, आणि ‘जोर’ हा शुद्ध फारसी शब्द. हिंदीत ‘डंड-बैठक’, मराठीत ‘जोर-बैठका’. व्यायाम एकच, उत्तरेतील नाव देशी आणि दख्खनमधील नाव परकी. शब्दाच्या कुळावरून वस्तूचे कूळ ठरवावयाचे झाल्यास एकाच व्यायामाचे दोन जन्म मानावे लागतील. असा प्रकार घडत नाही. उसना घेतलेला शब्द वस्तूच्या उगमाची साक्ष देत नाही; ज्या काळात तो उसना घेतला गेला त्या काळी प्रतिष्ठा कोणत्या भाषेकडे होती, एवढीच साक्ष तो देतो.

गगनबावड्याचा इतिहास हीच गोष्ट दुसऱ्या क्षेत्रातून सांगतो. बावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण. आणि त्या घराण्याचे कर्तृत्ववान पुरुष रामचंद्रपंत अमात्य ह्यांच्या नावाशी जोडलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांच्या रचनेचे व व्यवस्थेचे सविस्तर विवेचन आहे. त्या व्यवस्थेतील हवालदार, सबनीस, कारखानीस ही पदे शब्दतः फारसी-अरबी वळणाची आहेत. म्हणून मराठ्यांचे दुर्गशास्त्र इराणातून आले असे कोणी म्हणत नाही. किल्ल्याच्या बाबतीत जो विवेक सहज बाळगला जातो, तो तालमीच्या बाबतीत का सुटावा, हे कळत नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा संकल्प होता, त्यात शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्गही आहे. पदांची नावे काही अंशी बदलली. परंतु ‘तालीम’ आणि ‘वस्ताद’ हे शब्द जनतेच्या तोंडून गेले नाहीत, कारण ते दरबाराने दिलेले नव्हते आणि दरबाराने काढून घेण्याजोगेही नव्हते.

‘कुस्ती’ ह्या शब्दाचा प्रवास येथे जाता जाता सांगण्यासारखा आहे. फारसी ‘कुश्ती’ हा शब्द कंबर किंवा बाजू दर्शविणाऱ्या मध्य-फारसी शब्दाशी जोडला जातो. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला घातलेली पकड हा त्यातील मूळ अर्थ असावा. पारशी समाजात कमरेला बांधावयाच्या पवित्र सूत्राला ‘कुस्ती’ म्हणतात, तेही त्याच मूळचे मानले जाते. हे खरे असेल तर एकच शब्द पश्चिम किनाऱ्यावर समुद्रमार्गे धर्मचिन्ह म्हणून उतरला आणि दख्खनमध्ये दरबारांच्या मार्गे मल्लविद्या म्हणून शिरला. दोघांची गाठ मराठीत पडली ती एकमेकांस न ओळखता. ‘पहिलवान’ ह्या मराठी रूपात ‘पहिला’ ह्या देशी शब्दाची छाया पडली असावी, असाही तर्क करण्यास जागा आहे. हिंदी ‘पहलवान’शी तुलना करता मराठीतील इकार अन्यथा नीट उलगडत नाही.

फारसी थराखाली जुना थर आहे, आणि तो बराच जाड आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर ह्याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल अशा श्रेणी सांगितल्या आहेत, त्यांच्या आहाराचा व सरावाचा विचार केला आहे. ज्येष्ठिक शब्दाचा वंशज ‘जेठी’ हा मल्ल ह्या अर्थाने मराठीतही वावरला. आणि म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टी झुंजणारे जेठी आजही त्याच नावाने ओळखले जातात. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांचा ‘मल्लपुराण’ हा ग्रंथ भोगीलाल सांडेसरा व रमणलाल मेहता ह्यांनी १९६४ साली संपादून बडोद्याहून प्रसिद्ध केला, तोही ह्याच परंपरेतला. ‘आखाडा’ हा शब्द ‘अक्षवाट’ व प्राकृत ‘अक्खाडग’ ह्या मार्गाने आलेला. ‘मल्लखांब’ तर उघडच देशी आहे, कारण त्याचा उत्तरार्ध संस्कृत ‘स्कंभ’ शब्दाचा प्राकृत अवतार होय. मानसोल्लासातील ‘स्तंभश्रम’ हा त्याचा पूर्वज मानण्यास आडकाठी नाही. म्हणजे बाराव्या शतकात ह्याच भूभागात सुसंघटित मल्लविद्या होती. तिच्या अंगावर पुढे बहमनी व आदिलशाही काळात फारसी संज्ञांचे वस्त्र चढले. ‘जेठी’ मागे पडून ‘पहिलवान’ पुढे आला, इतकेच. ही अदलाबदल शांतपणे झाली, आणि विद्येने तिचा विटाळ मानला नाही. आज फारसी शब्द गाळून त्यांच्या जागी नवी संस्कृत नावे घडविण्याचा जो उत्साह मधूनमधून दिसतो, त्याला ह्या शांत इतिहासाचा आधार नाही.

आता ज्या गोष्टीकडे उगमशोधकांचे लक्ष जात नाही तिच्याकडे वळावे. वरील संज्ञांचे कूळ भिन्न असले तरी त्यांच्या अर्थांत एक आश्चर्यकारक सारखेपणा आहे. ‘तालीम’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिकविणे. ‘कसरत’ हाही अरबी. मूळ अर्थ विपुलता, म्हणजे पुनःपुन्हा करणे. मानसोल्लास आणि मल्लपुराण ह्यांची पारिभाषिक संज्ञा ‘श्रम’. मल्लपुराणात तर प्रत्यक्ष आखाड्यातील लढतीलाही ‘रंगश्रम’ म्हणून श्रमांच्याच यादीत घातले आहे. केरळातील ‘कळरिप्पयट्ट्’ ह्यातील ‘पयट्ट्’चा अर्थ सराव, आणि ‘कळरि’चा अर्थ सरावाची जागा. (संस्कृत ‘खलूरिका’ हा ‘कळरि’चा पूर्वज, असे पूर्वी समजत, टी. बरो ह्यांनी १९४७ मध्ये संस्कृत शब्दच द्राविडीतून घेतलेला असल्याचे मत मांडले. उसनवारीची दिशा गृहीत धरणे किती धोक्याचे असते, ह्याचा हा आणखी एक नमुना.) चिनी ‘कुंग-फू’ हा शब्द लढाईचा नव्हेच, वेळ आणि मेहनत खर्चून मिळविलेले कोणतेही कौशल्य त्याने दर्शविले जाते, मग ते हस्ताक्षराचे असो वा पाककलेचे. अरबी, संस्कृत, मलयाळम आणि चिनी अशा चार असंबद्ध भाषाकुळांतील हे शब्द. त्यांपैकी एकातही युद्ध नाही, शत्रू नाही, विजय नाही. सर्वांत शिकणे, शिकविणे, पुन्हा करणे आणि दमणे आहे.

ह्याला अपवाद आहेत. शस्त्रविद्यांची नावे बहुधा शस्त्रावरून पडतात : पट्टा, लाठी, विटा. तथापि त्यांतही ‘बोथाटी’ लक्ष वेधून घेते. टोकाला गोळा बसविलेला हा सरावाचा भाला. ‘बोथट’ शब्दाशी त्याचे नाते उघड दिसते. धार नसणे हेच त्याचे नाव. फरी-गदग्यातील गदगाही तलवार नव्हे, तलवारीच्या जागी घेतलेली चामडे मढविलेली काठी होय. सरावाचे साधन स्वतंत्र नाव धारण करते, आणि पुढे त्या नावाचीच एक विद्या होते. लेझीमही मुळात साखळीची दोरी लावलेले सरावाचे धनुष्य. बाण कधी सोडावयाचाच नाही असे ते धनुष्य आज शाळेच्या कवायतीत ताल धरते.

ह्यावरून असे म्हणता येते की ज्याला आज ‘युद्धकला’ किंवा ‘मार्शल आर्ट’ म्हटले जाते, त्याचा इतिहास हा लढाईचा इतिहास नसून शिक्षणसंस्थेचा इतिहास आहे. लढाया सर्वत्र झाल्या. परंतु जेथे शिकविणारा, शिकण्याची जागा आणि शिकविण्याचा क्रम ही तीन एकत्र आली, तेथेच लढण्याची ‘विद्या’ झाली. ‘मार्शल आर्ट’ हा व्यापक वर्गच आधुनिक आहे. कुस्ती, पट्टा, धनुर्विद्या ह्या सर्वांना एका नावाखाली आणण्याची गरज जुन्या मराठीला पडली नव्हती. रोमन युद्धदेवतेच्या नावावरून बनलेल्या ह्या इंग्रजी संज्ञेने अभ्यासकाचे लक्ष रणांगणाकडे वळविले, आणि तालीम नजरेआड झाली.

परंपरेच्या स्वतःच्या उगमकथा मात्र ह्या बाबतीत अधिक सावध आहेत. त्या कधीही पहिल्या योद्ध्याची गोष्ट सांगत नाहीत. पहिल्या गुरूची सांगतात. मल्लपुराणात कृष्ण एका ब्राह्मणाला मल्लविद्या शिकवितो. शाओलिनच्या कथेला बोधिधर्म लागतो तो शिक्षक म्हणूनच. मल्लखांबाची महाराष्ट्रीय कथा तर सर्वपरिचित आहे : दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडील अली आणि गुलाब ह्या पहिलवानांनी पुण्यात आव्हान दिले; तरुण बाळंभट दादा देवधर ह्यांनी ते स्वीकारले; वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, आणि मारुतीने त्यांस लाकडी खांबावरचे पेच शिकविले. लोकप्रिय लेखनात ह्या कथेवरून देवधरांना मल्लखांबाचे जनक म्हटले जाते. मानसोल्लासातील स्तंभश्रम साडेसहा शतके आधीचा असल्यामुळे हे विधान टिकत नाही. पण कथा खोटी ठरविण्यात फारसे हशील नाही. मारुती येथे लढत नाही, खांबावर शिकवितो. आणि देवधरांचे खरे कार्यही तेच आहे. त्यांनी शिष्य तयार केले, आणि त्या शिष्यपरंपरेने मल्लखांब पुण्याबाहेर, काशीपर्यंत नेला. ज्याला जनक म्हटले जाते तो वस्तुतः वस्ताद होता. बडोद्याहून १९३६ ते १९४९ ह्या काळात दहा खंडांत निघालेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ मोलाचा वाटतो तो ह्याच कारणाने : त्याचे बळ उगमाच्या चर्चेत नाही, हात कसा धरावा आणि पाय कोठे ठेवावा हे सांगणाऱ्या वर्णनांत आहे. वस्तादाच्या तोंडातून जे कागदावर कधी आले नसते, ते तेथे आले.

घाटाखालच्या ‘खेळ’ ह्या शब्दाकडे येथे परत यावे लागते, कारण वरील प्रतिपादनाची खरी कसोटी तेथेच आहे. सिंधुदुर्गातील दशावतारात युद्धाचा प्रसंग नसलेले आख्यान क्वचितच सापडते. पखवाजाच्या बोलांवर देव आणि दैत्य समोरासमोर येतात, तलवारी भिडतात, गिरक्या घेतल्या जातात, पायांचा ठेका वाढत जातो. ह्या नाट्याचे माहेर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत असले तरी जत्रांच्या दिवसांत ते सर्वत्र पाहावयास मिळते. दशावताराला लिखित संहिता नसते, आणि रूढ अर्थाने तालीमही नसते. आख्यान ठरते, सोंगे वाटली जातात, आणि नट रंगभूमीवर उभा राहतो. तलवार कशी फिरवावयाची हे तो वर्षानुवर्षे पाहून आत्मसात करतो. तर मग तालमीवाचून युद्धकला टिकते असे म्हणावयाचे काय?

उत्तर देताना टिकले ते नेमके काय, हे पाहिले पाहिजे. दशावतारातील युद्धात पवित्रा आहे, पण प्रतिपक्षाचा अनपेक्षित घाव नाही. दोन्ही नटांना शेवट ठाऊक असतो, दैत्य पडणारच. कुस्तीच्या हौद्यात ढाक किंवा कलाजंग ह्या डावाची परीक्षा प्रतिस्पर्धी घेतो. दशावतारात तलवारीच्या हाताची परीक्षा पखवाज घेतो. येथे चुकणे म्हणजे मार खाणे नव्हे, ताल सुटणे होय. गोव्यातील सत्तरी व डिचोली भागात शिमग्यात होणारी घोडेमोडणीही अशीच : कमरेला घोड्याचा सांगाडा, हातात तलवार, ढोलताशांचा गजर आणि राण्यांच्या पराक्रमाची आठवण. शिक्षणसंस्था नाहीशी झाली किंवा कधी नव्हतीच, तेथे युद्धाचे रूप उरते आणि कसोटी जाते. हे रूप कमी प्रतीचे असे मात्र समजू नये. ते निराळ्या प्रयोजनाने उभे आहे, आणि त्या प्रयोजनात ते परिपूर्ण आहे. पण त्याला मर्दानी खेळांचा ‘अवशेष’ म्हणणे, किंवा उलट मर्दानी खेळ त्याच्यापासून निघाले म्हणणे, दोन्ही निराधार होय.

‘खेळ’ शब्दाच्या पोटात हे सर्व मावते, आणि त्यामुळेच ‘मर्दानी खेळ’ ह्या जोडशब्दाविषयी घाईने मत देता येत नाही. १८७८ च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश मुलखात शस्त्र बाळगण्यावर निर्बंध आले. म्हणून शस्त्रविद्येला ‘खेळ’ हे निरुपद्रवी नाव मिळाले, असे अनुमान केले जाते. ते सर्वस्वी चुकीचे नसेल. कोल्हापूर हे संस्थान असल्याने तेथील स्थिती काहीशी निराळी होती, हेही लक्षात ठेवावे. परंतु पट्टा ‘खेळणे’, फरी-गदगा ‘खेळणे’ हा मराठीचा स्वाभाविक प्रयोग आहे, आणि ‘खेळ’ शब्दात सराव, चढाओढ व देवापुढील प्रयोग हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. कायद्याने शस्त्रविद्येचा खेळ केला असे म्हणण्यापेक्षा, कायद्याने खेळ शब्दाचा एक अर्थ ठेवून दुसरा पुसला असे म्हणणे अधिक नेमके होईल. आता ‘खेळ’ म्हणताच प्रात्यक्षिक डोळ्यांपुढे येते. त्या प्रात्यक्षिकांत आज मुलींचा भाग मोठा असतो, आणि तरीही नाव ‘मर्दानी’च आहे, भाषा अशा वेळी वस्तुस्थितीच्या मागून सावकाश येत असते.

‘तालीम’ शब्दही स्थिर राहिलेला नाही. शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्तीला जे वैभव आले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान सिद्ध झाले, त्या काळात तालीम ही पेठेची ओळख झाली. आज त्या शहरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे फुटबॉलच्या मैदानावर गाजतात. हौदा सुटला, पण पेठेतील तरुणांनी एकत्र येऊन काही शिकण्याची जागा हा अर्थ सुटला नाही; अरबी मूळाच्या तो अधिकच जवळ गेला. ह्याच्या उलट प्रवास ‘पवित्रा’ शब्दाचा. पाय टाकण्याची विशिष्ट रीत हा त्याचा अर्थ. हिंदी ‘पैंतरा’शी त्याचे नाते आहे आणि ‘पदांतर’ शब्दाकडे त्याचा माग लावणे ध्वनिदृष्ट्या सोपे जाते. ‘पवित्र’ शब्दाशी त्याचे साम्य केवळ वरवरचे. वृत्तपत्रांनी हा शब्द उचलला आणि पुढाऱ्यांना दिला. आता पाय न हलविताही आक्रमक पवित्रा घेता येतो.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मानाने वस्तू जपली जाईल. तिचे शिक्षण जपले जाईलच असे नाही. ज्या अभ्यासकाला उगमाचा ध्यास आहे तो पट्ट्याचे सर्वांत जुने चित्र कोणते हे शोधीत बसेल. त्याहून निकडीचे काम घाटमाथ्यावर आणि घाटाखाली, जिवंत माणसांच्या तोंडी आहे. वैभववाडी ह्या कामाला सोयीची जागा आहे, कारण तेथे दोन्ही बाजूंचे बोलणे कानी पडते : कोल्हापूरच्या तालमीत काही वर्षे काढून परतलेला तरुण आणि शिमग्याच्या खेळ्यांत नाचणारा त्याचा चुलता एकाच घरात सापडू शकतात. दोघेही ‘हात’ हा शब्द वापरतील, ‘पवित्रा’ वापरतील, ‘खेळ’ तर वापरतीलच. पट्ट्याचे हात वस्ताद क्रमाने सांगतो. ते लिहून घेताना केवळ नावांची यादी करून भागणार नाही. प्रत्येक नावासमोर पायाची जागा, वळण्याची दिशा आणि तो हात कोणत्या हातानंतर शिकविला जातो हे नोंदविले पाहिजे, कारण नाव तेच राहून पाय बदललेला असतो, आणि कधी पाय तोच राहून नाव बदललेले असते.